कोरडा मृग आणि मडक्यातलं दुसरं बी



परवा दुपारी पडवीत बसून नागलीचं बी पाखडत होतो. दरवर्षीप्रमाणं दोन वाटे केले. एक या पेरणीचा, दुसरा मडक्यात राख घालून तोंड बांधून ठेवायचा. पोरगा मोबाईल बघत बाजूला बसला होता. म्हणाला, "नाना, एकरभर नागलीला दोन किलो बी लागतं. ते तुमचं झालं वेगळं काढून. मग हे दुसरं कशाला बांधून ठेवता? दळून आणू, भाकरी तरी होतील."

मी म्हटलं, हे मृग कोरडा गेला तर.

तो म्हणाला, "तसं झालं तर दुकानातून आणू ना."

मी काही बोललो नाही. कारण तेच उत्तर मी २०२३ साली माझ्या आईला दिलं होतं. आज त्याबद्दलच लिहितो. थोडं लांबेल, पण पेरणीच्या आधी वाचलेलं बरं.

आमचं गाव त्र्यंबकच्या पट्ट्यात, घाटमाथ्याला लागून. नाशिक शहरच समुद्रापासून साधारण सहाशे मीटर उंच, आम्ही त्याच्याही वर. भात, नागली, वरई, थोडी खुरासणी. बाहेरच्या माणसाला वाटतं की घाटावर म्हंजे पाऊसच पाऊस, यांना कसला आलाय दुष्काळ. खरं आहे, इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो आणि तिथून पूर्वेला येवला-नांदगावपर्यंत जाता जाता तो पाचशेवर येतो. एकाच जिल्ह्यात एवढा फरक. पण पडतो किती याच्याइतकंच महत्त्वाचं, की पडतो कधी आणि थांबतो किती.

पाऊस इथं येतो कसा ते बघा. समुद्रावरून ओला वारा येतो, सह्याद्रीला धडकतो, वर चढताना थंड होतो आणि पाणी सोडतो. वाऱ्यात ओल नसली तर डोंगर कितीही उंच असला तरी उपयोग नाही. जूनमध्ये असं होतं. वारा सोसाट्याचा सुटलेला, ढग डोक्यावरून पळत पूर्वेला चाललेले, आणि खाली जमिनीला चटके. आमची वरकस जमीन म्हंजे खडकावर वीतभर माती. खाली काळा पाषाण. तो पाणी धरत नाही. सप्टेंबरात हजारो मिलिमीटर पडून गेलेलं असतं आणि मार्चला विहिरीचा तळ दिसतो. मेमध्ये बाया हंडे घेऊन झऱ्यावर रांग लावतात. म्हणून सपाटीवरच्या शेतकऱ्याला जूनचा पंधरवडा कोरडा गेला तर विहीर, बोअर, पाट असा काही आधार असतो. घाटमाथ्याला नसतो. आमची जमीन जूनच्या पहिल्या दिवसाला पार रिकामी असते.

आणि पाणी जातं कुठं? ब्रह्मगिरीच्या एका अंगाला पडलं तर गोदावरीतून पार बंगालच्या उपसागराला, दुसऱ्या अंगाला पडलं तर वैतरणेतून अरबी समुद्राला. मधे धरणं. दारणा धरण इंग्रजांनी १९१६ साली पुरं केलं, त्याचं पाणी नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून कालव्यांनी निफाडपासून कोपरगाव-राहात्यापर्यंत गेलं आणि तिकडं ऊस उभा राहिला. अप्पर वैतरणाचं पाणी मुंबईला जातं. ते जाऊ नये असं मी म्हणत नाही, तिकडंही माणसंच आहेत. पण धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण आमच्यासारख्यांनीच भोगलेली आहे. म्हणून आमचा सगळा हिशेब रोहिणी, मृग आणि आर्द्रा या तीन नक्षत्रांवर. २५ मे ते ५ जुलै.

आता राबाचं सांगतो, कारण नव्या पोरांना माहीत नसतं. उन्हाळ्यात फांद्या, पालापाचोळा, शेण, गवत जमिनीच्या एका तुकड्यावर पसरून भाजायचं. त्यानं तणाचं बी मरतं, राख मिसळते, रोप जोमानं येतं. त्यावर भाताचं, नागलीचं बी टाकायचं. मृगाचा पाऊस झाला की उगवतं. तीन-चार आठवड्यांनी रोप उपटून चिखलात आवणी. पण यात एक गोम आहे. राब भाजणं वर्षात एकदाच होतं. बी उगवलं, दोन पानं झाली आणि वर ऊन तापलं, तर ते कोवळं रोप भाजलेल्या काळ्या मातीत दुपारच्या दुपारी करपतं. न उगवलेलं बी वाट बघू शकतं, उगवलेलं नाही. कोरड्या मृगापेक्षा एक सर देऊन गेलेला मृग वाईट, तो यामुळं.

२०२३ ला हेच झालं. जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडं वळवाची एक जोरदार सर आली. मातीला वास सुटला. मी घाई केली. त्या वर्षी नागली कमी करून संकरित भाताचं बी आणलं होतं, सगळं राबावर टाकलं. आई म्हणाली, "अजून मृग लागायचाय, धीर धर. नाहीतर निम्मं टाक." मी म्हटलं, गेलं तर दुकानातून आणू.

तिकडं ६ जूनला अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ तयार झालं. मान्सून केरळात ८ जूनला आला, पण वादळानं समुद्रावरची ओल आपल्याकडं ओढली आणि ते गुजरातकडं गेलं. १५ जूनला जखाऊ बंदराजवळ जमिनीवर चढलं. आमच्याकडं नुसता वारा आणि ऊन. मुंबईत मान्सून पोचला २५ जूनला, आणि त्याच दिवशी तो दिल्लीतही पोचला. असं याआधी १९६१ च्या जूनमध्ये झालं होतं. तोवर माझी रोपं पिवळी पडून, मग तांबडी होऊन गेली होती. बायको आणि मी आठ दिवस हंड्यानं पाणी घालत होतो. प्यायचं पाणी रोपाला घातलं, एवढंच सांगतो.

दुकानात गेलो तर मला हवं ते वाण संपलेलं. सगळ्यांचंच करपलं होतं, सगळेच रांगेत. जे मिळालं ते उशिरा येणारं होतं, पिशवीवर भाव लिहिला होता त्याहून जास्त पैसे दिले आणि पावती मागायची सुचली नाही. ते पेरलं. जुलैत पाऊस बरा झाला, आवणी झाली. मग ऑगस्ट आला. देशात १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. खाचरं भेगाळली, भात फुटव्याला बसलं. दसऱ्यानंतर जे हाती आलं त्यात बियाण्याचा खर्च कसाबसा निघाला.

घरात खायला काय होतं? आईनं मला न विचारता दोन किलो नागली आर्द्रा नक्षत्रात माळाच्या कडेला टाकून ठेवली होती. मडक्यातली. तिची आवणी जुलैअखेर झाली. तेवढ्यावर वर्ष काढलं. गंमत म्हंजे ते साल जगभर भरडधान्याचं वर्ष म्हणून साजरं होत होतं. आमच्या घरी ते न ठरवता साजरं झालं.

त्यानंतर मी म्हाताऱ्या माणसांना विचारत गेलो, जिल्हा वाचनालयात जुन्या वर्षांचं वाचत गेलो. म्हटलं, हे नवीन आहे का जुनं? सगळे म्हणतात हवामान बदललं. बदललं हे खरंच. पण कोरडा मृग काही आजचा नाही.

लांबचं सांगायचं तर १६३० ते ३२ चा दुष्काळ. दख्खन आणि गुजरात दोन्ही त्यात होरपळले. तुकाराम महाराजांची पहिली बायको त्याच दुष्काळात गेली. तेव्हा पर्जन्यमापक नव्हते, म्हणून किती पडला ते कोणाला सांगता येणार नाही. आकडे सुरू होतात इंग्रजांच्या काळात. देशाच्या मान्सूनच्या १८७१ पासूनच्या ज्या नोंदी आहेत त्यात सगळ्यात कमी पावसाचं वर्ष १८७७. त्याखालोखाल १८९९, मग १९१८, मग १९७२. ही चार सालं लक्षात ठेवा. १८९९ म्हंजे विक्रम संवत १९५६, म्हणून त्याला छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात. १९१८ ला पाऊसही गेला आणि वरून इन्फ्लुएंझाची साथ आली. आपल्याकडं तिला मानमोडी म्हणत. माझे आजोबा तेव्हा दहा वर्षांचे. ते सांगायचे, घरात माणूस उठत नव्हता, बैलाला पाणी दाखवायला कोणी नव्हतं.

आता यातली एक गोष्ट मला फार विचारात पाडते. हवामान खातं निघालं १८७५ साली, आणि लगेच दुसऱ्या वर्षी १८७६-७८ चा मोठा दुष्काळ. खात्याचा पहिला प्रमुख ब्लॅनफर्ड. त्याच्यापुढं प्रश्न आला की पाऊस का येत नाही, आणि आधी कळेल का. त्यानं १८८४ मध्ये मांडलं की हिमालयात हिवाळा-वसंतात बर्फ जास्त पडला तर पुढचा मान्सून कमजोर येतो. म्हंजे तिकडच्या उंच डोंगरावरच्या बर्फाचा आपल्या डोंगरावरच्या राबाशी संबंध. १८८६ पासून त्यावर दरवर्षीचा अंदाज निघू लागला. पण हा नियम काही वर्षं चालायचा, काही वर्षं फसायचा. छप्पन्नला तर पारच फसला.

मग १९०४ साली गिल्बर्ट वॉकर नावाचा गणिताचा माणूस खात्याचा मुख्य झाला. त्यानं जगभरचे हवेच्या दाबाचे आकडे गोळा करून पाहिलं. त्याच्या ध्यानात आलं की पॅसिफिक महासागरावरचा दाब आणि हिंदी महासागराकडचा दाब झोपाळ्यासारखा वरखाली होतो. एकीकडं चढला की दुसरीकडं उतरतो. पुढं १९६० च्या दशकात हे कोडं अल् निनोशी जोडलं गेलं. पेरू देशाच्या किनाऱ्यावर काही वर्षं समुद्र नाताळच्या सुमाराला गरम होतो, मासे मिळेनासे होतात, म्हणून तिथल्या कोळ्यांनी त्याला बाळ येशूचं नाव दिलं, तोच अल् निनो. १८७७, १८९९, १९१८, १९७२ ही चारही सालं अल् निनोची. २०२३ सुद्धा. त्या कोळ्यांचं जाळं रिकामं आणि आपलं खाचर रिकामं, कारण एकच. खात्याचं मुख्य ऑफिस १९२८ ला सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुण्याची माणसं अजून सिमला ऑफिस म्हणतात.

पण इथं एक चूक करू नका. मीही केली होती. ही चार सालं सबंध हंगाम बुडाल्याची आहेत. नुसता जून कोरडा जाणं ही वेगळी गोष्ट. अलीकडची तीन सालं बघा.

२००९ : मान्सून केरळात २३ मेलाच आला, सगळे खूश. दोन दिवसांनी आयला वादळ बंगालला धडकलं आणि पुढं मान्सून अडकला. देशात जूनचा पाऊस जवळपास ४७ टक्के कमी. पुढंही सावरला नाही, हंगाम २२ टक्के तुटीचा.

२०१४ : जून ४० टक्क्यांहून जास्त कमी. पुढं बरंच सावरलं, शेवटी तूट १२ टक्के.

२०१९ : वायू वादळ, मान्सून मुंबईत २५ जूनला, देशात जून एक तृतीयांश कमी. आणि पुढं? ऑगस्टच्या सुरुवातीलाच गोदावरीला पूर, रामकुंडावरची देवळं पाण्यात, दुतोंड्या मारुती बुडाला. हंगाम सरासरीच्या वर गेला.

म्हंजे कोरडा जून हंगामाचं काहीच सांगत नाही. तो फक्त एक विचारतो, तुझ्याकडं दुसऱ्यांदा पेरायला आहे का? ज्याच्याकडं होतं तो २०१९ ला भात काढून बसला. ज्याच्याकडं नव्हतं त्यानं तो सगळा पाऊस नुसता बघितला. माझ्या शेजारच्या वाडीत दोन घरं त्या वर्षी भर पावसात द्राक्षबागेच्या कामाला दिंडोरीकडं गेली. खाचरं पाण्यानं भरलेली, आणि लावायला रोप नाही.

आता १९७२ चं सांगतो, मग संपवतो.

मी दोन वर्षांचा होतो, मला आठवत नाही. आईनं सांगितलेलं आहे. तिचं माहेर सिन्नर तालुक्याच्या पूर्वेला. तिकडं सलग तिसरं वर्ष वाईट होतं. आमच्याकडं घाटावर त्या मानानं बरं, थोडंफार पिकलं होतं. दिवाळीनंतर मामा दोन पोरांना घेऊन चालत आला. पोरांच्या अंगावर हाडं. माझी आजी, म्हंजे आईची सासू, तिनं पोरांना जेवू घातलं, येताना-जाताना मापून नागली दिली. पण माळ्यावर एक मडकं होतं, बियाचं. आईनं सांगितलं, "त्यातली दोन मापं द्या, माझ्या भावाची पोरं आहेत." आजी म्हणाली, "ते बी आहे. ते खायचं नाही. माझी पोरं रडली तरी ते उघडायची नाही मी."

आई दोन महिने आजीशी बोलली नाही. मामा परत गेला आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला लागला. तेव्हा महाराष्ट्रात अशा कामांवर १९७३ च्या उन्हाळ्यात जवळपास ५० लाख माणसं होती. मिलो नावाची लाल ज्वारी अमेरिकेहून आली होती, आणि सुकडी. खडी फोडून मजुरी, ही रीत इंग्रजांच्या दुष्काळी कायद्यापासूनची. पण १९७२ नंतर त्यातून रोजगार हमी निघाली, वि. स. पागे यांनी ती मांडली, १९७७ ला कायदा झाला, आणि पुढं २००५ ला तीच देशभर गेली. मामाच्या पोरांपैकी धाकटा त्या उन्हाळ्यात गेला. भुकेनं का आजारानं, कोणी विचारलं नाही.

१९७३ चा मृग मात्र वेळेवर लागला. आणि तेव्हा दिसलं की वाडीत पाच-सहा घरांत पेरायला दाणाच नाही. खाऊन टाकलेलं. आजीनं ते मडकं खाली उतरवलं. आपलं काढून उरलेलं चार घरांना वाटलं. नागलीचं हेच आहे. तिला कीड लागत नाही, वर्षानुवर्षं टिकते, आणि एकराला दोनच किलो बी लागतं. एका मडक्यात चार-पाच घरांची पेरणी मावते.

आई आज ऐंशीच्या घरात आहे. मी तिला विचारलं, आजी चुकली का बरोबर होती? बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "दोन्ही. मडकं उघडलं असतं तर तो पोरगा वाचला असता का, ते मला माहीत नाही. पण तू त्याच मडक्यातलं खाऊन वाढलास." त्यावर मी पुढं काही विचारलं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. आपल्या बापजाद्यांना अल् निनो माहीत नव्हता, उपग्रह नव्हता. त्यांना पाऊस कधी येईल हे आपल्यापेक्षा कमी कळत होतं. पण तो चुकेल हे ते धरून चालायचे, म्हणून बी दोन वाट्यांचं ठेवायचे. आपल्याला अंदाज जास्त कळतो आणि बी एकाच वाट्याचं, तेही दुकानातलं. संकरित वाण वाईट नाही, उत्पन्न देतं. पण त्याचं बी घरी धरता येत नाही, दरवर्षी विकतच घ्यावं लागतं. इंद्रायणीसारखं सरळ वाण घरी धरता येतं. नागली, वरई तर धरताच येते.

मी आता काय करतो ते सांगतो, पटलं तर बघा.

एक, वळवाच्या सरीवर बी टाकत नाही. कृषी खातं सांगतं की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन खोलवर भिजल्याशिवाय पेरू नका. मी अंगणात मापाचं भांडं ठेवलंय.

दोन, सगळं रोप एका दिवशी टाकत नाही. निम्मं मृगात, निम्मं आर्द्रेत. राबही दोन तुकड्यांत भाजतो, दुसरा तुकडा ताडपत्रीनं झाकून ठेवतो. २०२५ ला उलटंच झालं, मान्सून मुंबईत २६ मेलाच आला आणि मेअखेरच्या पावसात ज्यांचा राब भाजायचा राहिला होता तो राहूनच गेला. माझा झाकलेला तुकडा तेव्हाही कामी आला.

तीन, भातातलं एक खाचर तरी सरळ वाणाचं, त्याचं बी घरचं. बी टाकायच्या आधी मिठाच्या पाण्यात बुडवून बघतो, दहा लिटरला तीनशे ग्रॅम मीठ. तरंगेल ते काढून टाकायचं, बुडेल ते धुऊन सावलीत वाळवायचं.

चार, मडकं.

परवा हे सगळं पोराला सांगितलं. मामाच्या धाकट्याचं त्याला माहीत नव्हतं. तो काही बोलला नाही, उठून गेला. संध्याकाळी बघतो तर मडक्याचं तोंड बांधून झालेलं, आणि वर खडूनं वर्ष लिहिलेलं. राख मात्र घालायची विसरला होता. ती मी घातली.

तुमच्या घरात ७२ आठवणारं कोणी असेल तर या पेरणीच्या आधी त्यांच्याजवळ बसा. बियाचं विचारा. आता फार थोडी माणसं उरलीत.

राम राम.